ताटही गोळीइतकंच मोजायचं

दोन कंपन्यांनी बनवलेली एकाच औषधाची गोळी शरीरात सारखीच उतरते का, हे पाहणाऱ्या चाचणीला जैवसमतुल्यता चाचणी म्हणतात. बहुतेक वेळा निरोगी माणसांना गोळी देतात, ठरलेल्या वेळी त्यांचं रक्त घेतात आणि त्यात औषध किती आलं ते मोजतात. स्वस्त जेनेरिक गोळ्या मुख्यतः याच वाटेनं बाजारात येतात. अशा केंद्रात सहभागींच्या जेवणाची जबाबदारी आपल्याकडे नव्यानं आली असेल, तर एकेक टप्पा समजून घेऊ.

आधी कारण. पोटात अन्न असलं की जठर उशिरा रिकामं होतं, पित्त स्रवतं, आतड्याकडचा रक्तपुरवठा वाढतो. त्यामुळे बुरशीवरचं ग्रिसिओफुल्विन स्निग्ध जेवणासोबत जास्त शोषलं जातं, तर थायरॉइडसाठी घेतात ते लेव्होथायरॉक्सिन अन्नासोबत कमी. सिप्रोफ्लॉक्सासिनला दुधातलं कॅल्शियम अडवतं. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या अबिराटेरोनच्या मूळ गोळीचं उदाहरण तर थक्क करणारं आहे: भरपूर स्निग्ध जेवणासोबत घेतल्यास शरीरात पोचणारं औषध उपाशीपोटीच्या मानानं सुमारे 10 पट होतं. ताटात फरक पडला, तर गोळ्यांमध्ये नसलेला फरक दिसू शकतो आणि असलेला झाकला जाऊ शकतो.

पहिलं काम कागदावरचं. गोळी उपाशीपोटी द्यायची की न्याहारीनंतर, हे प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात ठरलेलं असतं. न्याहारीनंतरच्या चाचणीसाठी अमेरिकेच्या एफडीएचा नमुना प्रसिद्ध आहे: एकूण 800 ते 1000 किलोकॅलरी, त्यात साधारण 150 प्रथिनांतून, 250 कर्बोदकांतून आणि 500 ते 600 स्निग्धांशातून. त्यांनी दिलेलं उदाहरण म्हणजे लोण्यात तळलेली दोन अंडी, बेकनच्या दोन पट्ट्या, लोणी लावलेले दोन टोस्ट, परतलेला बटाटा आणि सुमारे 240 मिलिलिटर दूध. हेच पदार्थ हवेत असं नाही. कॅलरींची ही विभागणी, जेवणाचं आकारमान आणि दाटपणा जुळत असेल, तर पनीर, चीज, बटर टोस्ट, बटाट्याचे कटलेट असा शाकाहारी बेतही बसवता येतो.

हिशेब ग्रॅममध्ये करावा. 1 ग्रॅम स्निग्धांशातून 9 किलोकॅलरी मिळतात, प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या 1 ग्रॅममधून 4. म्हणजे ताटात साधारण 55 ते 65 ग्रॅम स्निग्धांश हवा.

इथली सगळ्यात सहज होणारी चूक दुधाची. अमेरिकेतल्या ‘होल मिल्क’मध्ये सव्वातीन टक्के स्निग्धांश असतो, तर आपल्याकडच्या फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के. नावावरून फुल क्रीम आणलं, तर त्या एका पेल्यातून 6-7 ग्रॅम, म्हणजे सुमारे 60 किलोकॅलरी जादा जातात. स्निग्धांशाच्या बाबतीत आपलं 3 टक्क्यांचं टोन्ड दूध ‘होल मिल्क’च्या जवळचं. पिशवीवरचे आकडे वाचूनच तक्ता भरावा.

दुसरी अडचण तळणाची. भजी किंवा कटलेट किती तेल पितील, हे तेलाच्या तापमानावर आणि आचाऱ्याच्या हातावर अवलंबून असतं. कागदावरचा आकडा कढईत टिकत नाही. म्हणून शक्य तेवढा स्निग्धांश लोणी आणि चीज यांसारख्या, वजन करून वाढता येणाऱ्या पदार्थांतून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तळण हवंच असेल, तर वजन, आकार, तेल आणि वेळ लेखी ठरवून द्या. हे सगळं कशासाठी, तेही आचाऱ्याला नीट सांगा. कारण ठाऊक नसलेला चांगला आचारी मायेनं वरून चमचाभर तूप सोडणारच.

सहभागी निवडताना जेवणाबद्दल नेमके प्रश्न विचारा. शाकाहारी का, अंडं चालतं का, कांदा-लसूण किंवा बटाटा वर्ज्य आहे का, दूध पचतं का? ‘सगळं खातो’ या उत्तरावर थांबू नका. संमतीच्या वेळीच न्याहारीची यादी दाखवा. भल्या सकाळी एवढं लोणी-चीज खायचं आहे हे आधी कळणं हा त्या माणसाचा हक्क आहे.

मनाई असलेले पदार्थही याच वेळी सांगा: दारू, तंबाखू, चहा-कॉफी आणि ग्रेपफ्रूट. ग्रेपफ्रूटची गोष्ट कॅनडातली. फेलोडिपिन या रक्तदाबावरच्या औषधावर दारूचा काय परिणाम होतो हे डेव्हिड बेली यांचा गट तपासत होता. दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि रक्तातलं औषध अनपेक्षितपणे वाढलेलं दिसलं. 1989 मध्ये हे प्रसिद्ध झालं. आतड्यात औषध मोडणारं एक विकर या रसानं निकामी होतं. आपल्याकडे ग्रेपफ्रूट फारसं कुणी खात नाही, पण त्याच कुळातलं पपनस खातात आणि त्यातही तशी द्रव्यं असतात. म्हणून पपनसाचं नाव घेऊन विचारा.

आदल्या संध्याकाळी सहभागी केंद्रात दाखल होतात. गोळीआधी, आणि न्याहारीनंतरच्या चाचणीत न्याहारीआधी, निदान 10 तास पोट रिकामं हवं; हा उपवास रात्रीच्या जेवणाचा शेवटचा घास घेतल्यापासून मोजायचा. सुपारी, बडीशेप, च्युइंगगम हेही खाणंच आहे. सामान तपासताना त्यांची आठवण ठेवा.

न्याहारीनंतरच्या चाचणीत सकाळी न्याहारी सुरू झाल्यावर 30 मिनिटांनी गोळी द्यायची आणि तेवढ्या वेळात ताट संपायला हवं. सगळ्यांना एकदम वाढू नका. गोळ्या दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं द्यायच्या असतील, तर ताटंही त्याच अंतरानं मांडा. नाहीतर शेवटच्या माणसाचं वेळापत्रक हमखास कोलमडतं. सुरू आणि संपल्याची वेळ लिहा, उरलेलं अन्न तोलून नोंदवा. कुणाला खाणं जात नसेल, तर बळजबरी मुळीच करू नका. अशा वेळी गोळी द्यायची की नाही, हे प्रोटोकॉल आणि डॉक्टर ठरवतील.

गोळी साधारण 240 मिलिलिटर पाण्यासोबत देतात. त्याआधी आणि नंतर एकेक तास पाणी नाही, आणि पुढचे 4 तास अन्न नाही. आठला गोळी, तर बाराला जेवण. नेमकी तेव्हाच रक्त घ्यायची वेळही येते. आधी रक्त, मग ताट. भुकेल्या माणसाला हे आधी सांगितलं तर तो शांतपणे थांबतो.

उलटी झाली तर आधी त्या माणसाकडे पाहा, डॉक्टरांना बोलवा आणि मिनिटासह वेळ लिहा. लगेच विरघळणाऱ्या गोळीच्या बाबतीत, औषध रक्तात कमाल पातळीला पोचायला लागणाऱ्या सर्वसाधारण वेळेच्या दुपटीच्या आत उलटी झाली, तर त्याची आकडेवारी सहसा वगळतात. म्हणून अंदाजानं लिहिलेली वेळ इथे कामाची नाही.

मग मधला खंड, म्हणजे वॉशआउट: पहिलं औषध शरीरातून पुरतं निघून जाण्याचा काळ. त्यानंतर तीच माणसं दुसरी गोळी घ्यायला येतात. तेव्हा ताट तेच हवं: तोच ब्रँड, तेच वजन, त्याच वेळा, दुपारचं आणि रात्रीचं जेवणही तेच. त्या दिवशी पनीर मिळालं नाही म्हणून टोफू चालत नाही. दोन्ही फेऱ्यांचा शिधा कुठून येणार हे सुरुवातीलाच पक्कं करा आणि तारखा ठरवताना एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, रमजान पाहून घ्या.