नाईलचे पाणी आणि फॅरोचे कोठार

श्रोतेहो, इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड उभे राहतात. पण ते बांधणाऱ्या हातांनाही रोज भाकरी लागत असे. ती कोठून येई, हे पाहिले म्हणजे त्या प्राचीन राज्याचे मर्म कळते.

इजिप्त, म्हणजेच मिसर देश, जवळजवळ बिनपावसाचा. नाईल नदी तेथे दक्षिणेकडून उत्तरेला वाहते. म्हणून नकाशात खाली असलेल्या भागाला 'वरचा इजिप्त' म्हणतात. शिक्षकांनी हे फळ्यावर काढून दाखवावे. मुलांचा नेहमी गोंधळ होतो.

पाऊस नाही, मग पूर कसा येई? ज्या महिन्यांत आपल्याकडे पावसाळा, त्याच महिन्यांत इथिओपियाच्या पहाडांत पाऊस कोसळतो. ते पाणी आषाढ-श्रावणात मिसरात चढू लागे आणि भाद्रपदाच्या सुमारास नदी दुथडी भरे. शेतकरी बांध घालून पाणी शेतात सुमारे सहा आठवडे कोंडीत, मग सोडून देत. मागे राहिलेल्या गाळात पेरणी होई. वर्षाचे ऋतूही तीनच: पूर, उगवण आणि कापणी. आपण शेताला 'काळी' म्हणतो ना? ते लोक आपल्या देशालाच 'केमेत', म्हणजे काळी भूमी, म्हणत.

पाणी कमी चढले तर दुष्काळ, फार चढले तर गावे पाण्याखाली. म्हणून आस्वानजवळ एलिफंटाईन बेटावर पायऱ्यांवर खुणा करून पाण्याची उंची मोजीत. त्यावरून पिकाचा अंदाज येई. नाणे त्या काळी नव्हते. सारा धान्यात घ्यायचा, मजुरीही धान्यातच द्यायची. कारकून दोरीने शेते मोजीत, पोती मोजीत, आणि सारे लिहून ठेवीत. फॅरो राजाची खरी तिजोरी म्हणजे त्याचे कोठार!

या कोठाराचे वजन शेजारी राज्यांनाही ठाऊक होते. आजच्या तुर्कस्तानात हिटाइट लोकांचे बलाढ्य राज्य होते. इ. स. पूर्व १२७४ च्या सुमारास सीरियातील कादेश येथे फॅरो दुसरा रॅमसीस आणि हिटाइट राजा मुवातल्ली यांची मोठी लढाई झाली. निकाल कोणाच्याच बाजूने लागला नाही. पुढे इ. स. पूर्व १२५९ च्या सुमारास रॅमसीस आणि हिटाइट राजा हत्तुसिली यांनी तह केला: एकमेकांवर चढाई करायची नाही, संकटात मदत करायची, पळून आलेली माणसे परत द्यायची. या तहाच्या मातीच्या विटा १९०६ साली तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे सापडल्या. रॅमसीसचा मुलगा मेर्नेप्ताह याने उपासमारीत सापडलेल्या हिटाइटांना जहाजांनी धान्य पाठवले, असे त्याच्या शिलालेखात कोरलेले आहे.

पण थांबा. त्यानंतर सुमारे पन्नासच वर्षांनी, तिसऱ्या रॅमसीसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, काय झाले पाहा. राजांच्या कबरी खोदणारे कुशल कारागीर देर अल-मदीना या गावी राहत. साध्या कारागिराला महिन्याला त्यांच्या मापाने साडेपाच पोती धान्य मिळे: चार पोती खपली गहू आणि दीड पोते सातू. होय, आपला खपली गहू तोच! लढायांनी राज्य थकले होते, कारभार ढिला पडला होता, आणि हे धान्य वेळेवर येईना. तेव्हा कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते देवळामागे जाऊन बसले. भुकेने आणि तहानेने आम्हाला येथे आणले आहे. अंगावर वस्त्र नाही, मासळी नाही, भाजी नाही. हे राजाला कळवा, असे त्यांचे म्हणणे होते. अधिकाऱ्यांनी समजूत घातली, पण ते हटले नाहीत. शेवटी थकलेले धान्य द्यावेच लागले. पुढे पुन्हा धान्य थकले, आणि कारागीर पुन्हा बाहेर पडले. लेखी पुरावा असलेला, जगातला पहिला ज्ञात संप तो हाच.

ही हकीकत एका कारकुनाने पपायरसवर टिपून ठेवली. तो कागद आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. नाईलचा तो वार्षिक पूर मात्र आता मिसरातील शेतांवर येत नाही. १९७० साली पूर्ण झालेल्या आस्वानच्या मोठ्या धरणाने तो अडवला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात मिसरचा धडा येईल तेव्हा पिरॅमिडच्या चित्राशेजारी ही साडेपाच पोतीही फळ्यावर अवश्य मांडा.