पारंपरिक जागतिक संगीत आणि मुक्त उपज : 'कोडोना' त्रयीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रण, विमानप्रवास आणि स्थलांतर यांमुळे दूरदूरच्या संगीतपरंपरा एकमेकींच्या निकट आल्या. या सान्निध्यातून 'फ्यूजन' या नावाने ओळखले जाणारे विपुल संगीत निर्माण झाले. त्यापैकी बरेचसे संगीत निरनिराळी वाद्ये शेजारी शेजारी मांडण्यापुरतेच मर्यादित राहिले. सतार गिटारच्या सोबतीला आली, परंतु दोहोंमागील संगीतविचार परस्परांना भिडला नाही. याच काळात काही कलावंतांनी निराळी वाट चोखाळली. डॉन चेरी, कॉलिन वॉलकॉट आणि नाना वास्कोन्सेलोस यांची 'कोडोना' ही त्रयी त्यांपैकी एक होय. परंपरेची शिस्त आणि प्रयोगाचे स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात काय, व नांदत असल्यास कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा विचार या त्रयीच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

१. उपज : बद्ध आणि मुक्त

उपज ही संकल्पना भारतीय रसिकास नवी नाही. ख्यालगायक बंदिशीचा विस्तार करतो तेव्हा तो पूर्वनियोजित स्वरावली म्हणत नसतो. मात्र राग, ताल आणि घराण्याची शिस्त यांची चौकट तो ओलांडत नाही. ब्रिटिश गिटारवादक डेरेक बेली यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात उपजेचे दोन प्रकार मानले. एक, विशिष्ट शैलीच्या भाषेत होणारी उपज आणि दुसरी, कोणत्याही शैलीशी बांधिलकी न मानणारी उपज. ख्याल, फ्लामेंको, पारंपरिक जॅझ ही पहिल्या प्रकाराची उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात नियम आधी ठरलेले नसतात; वादक परस्परांचे ऐकत ते वादनातच घडवीत जातात. या दोन प्रकारांचा मेळ घालणे हेच प्रयोगशील मिश्रणापुढील खरे आव्हान आहे.

२. मुक्त जॅझची पार्श्वभूमी

रूढ जॅझमधील उपज कॉर्डच्या ठरलेल्या मालिकेवर आधारलेली असे. ऑर्नेट कोलमन यांनी १९५९ मधील 'द शेप ऑफ जॅझ टू कम' या ध्वनिमुद्रिकेत पियानो वगळला आणि या मालिकेचे बंधन सैल केले. त्या वाद्यवृंदात कॉर्नेट वाजविणारे डॉन चेरी (१९३६–१९९५) होते. कॉर्डचा आधार निघून गेल्यावर उरतात त्या गोष्टी चार : सुरावट, लय, नादाचा पोत आणि सहवादकांचे अवधान. आशिया व आफ्रिकेतील अनेक परंपरा मुळातच या गोष्टींवर उभ्या आहेत. त्यामुळे मुक्त जॅझ या परंपरांच्या जवळ आला, तो केवळ कुतूहलापोटी नव्हे; त्यामागे रचनेचे कारण होते. चेरी यांनी १९६८ मध्ये बर्लिन येथे सादर केलेल्या 'इटर्नल ऱ्हिदम' या कृतीत इंडोनेशियातील गामेलान वाद्यांचा उपयोग केला, तो याच दिशेने.

३. तीन कलावंत आणि त्यांच्या परंपरा

सहभागी कलावंतांच्या नावांतील आद्याक्षरांवरून 'कोडोना' हे नाव सिद्ध झाले. म्युनिकच्या ईसीएम या संस्थेसाठी त्यांनी १९७८, १९८० आणि १९८२ या वर्षी तीन ध्वनिमुद्रिका केल्या.

कॉलिन वॉलकॉट (१९४५–१९८४) हे अमेरिकन वादक पंडित रविशंकर यांच्याकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकले होते. ब्राझीलच्या रेसिफे शहरात जन्मलेले नाना वास्कोन्सेलोस (१९४४–२०१६) बेरिम्बाव वाजवीत. हे वाद्य म्हणजे लाकडी धनुष्याला ताणलेली एक तार आणि नाद घुमविण्यासाठी जोडलेला भोपळा. तारेवर काठीने आघात करून, खडा किंवा नाणे टेकवून स्वर बदलतात. भोपळ्याचे तोंड पोटाशी धरून वा दूर नेऊन नादाचा पोत पालटतात. कापोएरा या युद्धनृत्याच्या साथीत रूढ असलेल्या या वाद्याला वास्कोन्सेलोस यांनी स्वतंत्र वादनाचे स्थान दिले. चेरी हे छोट्या ट्रम्पेटबरोबरच पश्चिम आफ्रिकेतील माली देशाच्या शिकारी समाजाचे 'दोनसोन्गोनी' हे तंतुवाद्य वाजवीत.

४. मिश्रणाची प्रक्रिया

या संगीताच्या घडणीत तीन तत्त्वे दिसतात. पहिले आधारस्वराचे. सतारीच्या चिकारी व तरफेच्या तारा किंवा बेरिम्बावची एकच तार अखंड स्वराधार पुरविते. त्यावर ट्रम्पेटला कोणत्याही दिशेने जाण्याची मोकळीक राहते. दुसरे आवर्तनाचे. दोनसोन्गोनीवर एक लहान स्वराकृती पुनःपुन्हा वाजते. ती ठेक्यासारखी स्थिर असली तरी तिहाई घेऊन समेवर येण्याचे बंधन तीत नसते. तिसरे तत्त्व स्वरांच्या लवचीकतेचे. सतारीवर मींड घेता येते, ट्रम्पेटचा स्वर ओठांच्या दाबाने चढविता-उतरविता येतो. पियानोसारखे ठाम स्वरांचे वाद्य येथे केंद्रस्थानी नसल्याने भिन्न स्वरव्यवस्थांचा संघर्ष सौम्य होतो.

पहिल्या ध्वनिमुद्रिकेत कोलमन यांच्या रचना आणि स्टीव्ही वंडर यांचे लोकप्रिय गीत एकाच मालिकेत गुंफलेले आहे. परंपरा म्हणजे केवळ पुरातन संगीत नव्हे, ही भूमिका त्यातून स्पष्ट होते.

५. मुंबईशी असलेला दुवा

नोव्हेंबर १९८४ मध्ये पूर्व जर्मनीत 'ओरेगॉन' या वाद्यवृंदाच्या दौऱ्यावर असताना वॉलकॉट यांचे अपघाती निधन झाले. त्यांच्या पश्चात त्या वाद्यवृंदात आले ते मुंबईचे त्रिलोक गुर्टू. चेरी यांच्यासमवेतही त्यांनी वादन केले होते. बेळगाव येथे जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू (१९२५–२००४) या त्यांच्या मातोश्री. त्रिलोक यांच्या १९८८ मधील 'उस्फ्रेट' या ध्वनिमुद्रिकेत त्यांचा स्वर आहे. अमेरिकन शिष्याने भारतीय तबला शिकून जे स्थान निर्माण केले, ते पुढे मुंबईच्या तबलावादकाकडे आले. हा प्रवाह एकमार्गी नव्हता, हे यावरून ध्यानात येते.

६. आक्षेप आणि मर्यादा

या संगीतावर गंभीर आक्षेपही घेता येतात. दोनसोन्गोनीचे संगीत शिकारी समाजाच्या विधींशी आणि वीरगाथांशी निगडित आहे. ध्वनिमुद्रणगृहात त्याचा नाद येतो, पण तो संदर्भ येत नाही. 'कोडोना'मध्ये माली देशाचा एकही वादक नव्हता. ज्या समाजाने वाद्य जपले त्यास श्रेय आणि मोबदला यांत वाटा मिळतो काय, हा प्रश्न कलात्मक यशाने निकालात निघत नाही. दुसऱ्या बाजूने, परंपरा बंदिस्त ठेवणे हेही तिचे रक्षण नव्हे. स्वतः ख्यालाची घडणही अनेक प्रवाहांच्या संगमातून झाली आहे.

निष्कर्ष

१. वाद्यांची सरमिसळ म्हणजे संगीताचा मिलाफ नव्हे. रचनातत्त्वांच्या पातळीवर मेळ साधला तरच मिश्रण टिकाऊ ठरते.

२. मुक्त उपजेलाही दीर्घ साधनेची आवश्यकता असते. वॉलकॉट किंवा वास्कोन्सेलोस यांचे स्वातंत्र्य त्यांच्या तालमीतून आलेले आहे.

३. परंपरेकडून घेणाऱ्याने तिच्या धारकांचे ऋण नावानिशी आणि व्यवहारातही मान्य करणे, ही अशा प्रयोगाची नैतिक अट मानली पाहिजे. ही अट जेथे पाळली जाते तेथेच देवाणघेवाण हा शब्द सार्थ होतो. अन्यथा ती केवळ घेवाण ठरते.