अकोल्याच्या उन्हात पीसीला पाणी: घरच्या घरी कस्टम वॉटर कूलिंग

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून गणित इथं जरा सावकाश मांडलंय.)

काय राजेहो, कूलरसमोर बसूनच ऐकताय ना? आजचा विषय पण कूलरचाच आहे, फक्त हा कूलर पीसीच्या पोटात बसतो.

आधी माझी गोष्ट सांगतो. मी अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आपल्याकडे लगीनसराई कधी? एप्रिल-मे. म्हणजे काम सगळ्यात जास्त तेव्हाच, जेव्हा ऊन सगळ्यात जास्त. एका मे महिन्यात दुपारी अडीच वाजता चार तासांच्या फिल्मचा रेंडर लावला. खोलीत ४१ अंश. अर्ध्यावर आल्यावर रेंडर गोगलगायीसारखा चालायला लागला. प्रोसेसरचं तापमान बघितलं तर १०० अंश. पार्टीला संध्याकाळी पेन ड्राइव्ह द्यायचा कबूल केला होता, दिला दुसऱ्या दिवशी सकाळी. शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

झालं काय होतं? प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये ही हद्द १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत ९५. याला म्हणतात थर्मल थ्रॉटलिंग. पीसी जळत नाही, पण काम रखडतं. आणि ज्याचं पोट त्या कामावर आहे त्याचं नुकसान होतं.

ऊन किती, ते आधी मान्य करू

२६ मे २०२० ला अकोल्यात ४७.४ अंशांची नोंद झाली होती. मे २०२४ मध्ये तर उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं होतं. इंटरनेटवर पीसी कूलिंगचे जे व्हिडिओ आपण बघतो, त्यातली खोली असते २१-२२ अंशांची. त्यांचे आकडे जसेच्या तसे उचलले की आपण फसतो.

का फसतो? कारण कूलिंगचा एकच पक्का नियम आहे: हवेचा कूलर असो की पाण्याचा, पीसीचा कुठलाच भाग खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पाणी उष्णता गायब करत नाही, फक्त एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन टाकतं. खोली २२ अंशांवर असेल आणि पाणी त्याच्यावर १२ अंश चढत असेल, तर ते ३४ ला थांबतं. आपल्या ४२ च्या खोलीत तेच पाणी ५४ ला जातं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता कोणी म्हणेल, आपला डेझर्ट कूलर तर हवा खोलीपेक्षा थंड करतो! बरोबर. पण तिथं पाण्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या ताट्या याच तत्त्वावर चालायच्या. पीसीचा लूप बंद असतो. त्यात वाफ होत नाही, तेच पाणी गोल गोल फिरत राहतं.

मग पाणीच काऊन?

एक लीटर पाणी एका अंशानं तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. तेवढ्याच जागेतल्या हवेच्या तुलनेत पाणी जवळजवळ साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतं. म्हणून पेनाएवढ्या जाडीच्या नळीतून ते काम होतं, ज्याला एरवी हवेचा झोत लागतो.

गणित करू. प्रोसेसर ३०० वॉट उष्णता सोडतोय, म्हणजे मिनिटाला १८ किलोज्यूल. पंप मिनिटाला फक्त एक लीटर पाणी फिरवतोय. १८ भागिले ४.२, म्हणजे पाणी प्रोसेसरवरून जाताना साधारण ४.३ अंशांनी तापतं. पंपानं मिनिटाला चार लीटर फिरवलं, तर जेमतेम एक अंश. यातून दोन गोष्टी कळतात. एक, पाणी आधी सीपीयूकडे न्यायचं की ग्राफिक्स कार्डकडे, यावर डोकं खपवू नका, फरक किरकोळ पडतो. दोन, खरी अडचण उष्णता उचलण्यात नसते, ती हवेत टाकण्यात असते. म्हणजे रेडिएटरमध्ये.

ही फक्त गेमर पोट्ट्यांची हौस नाही बरं का. पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ नावाचा महासंगणक आहे, उभारला तेव्हा ७९७ टेराफ्लॉप क्षमतेचा. तोही पाण्यानंच थंड होतो.

सामान काय लागतं

पाच गोष्टी. सीपीयूवर बसणारा वॉटर ब्लॉक, म्हणजे तांब्याची पाटी, आत केसासारख्या बारीक खाचा. पंप. पाणी भरायची टाकी, म्हणजे रिझर्वॉयर. रेडिएटर आणि त्यावरचे पंखे. शेवटी नळ्या आणि फिटिंग्ज. फिटिंग्जच्या आट्यांचं माप बहुतेक ठिकाणी एकच असतं, जी-एक-चतुर्थांश, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान एकमेकांना बसतं.

रेडिएटर किती मोठा घ्यायचा? ढोबळ अंदाज असा: एका १२० मिलिमीटर पंख्याएवढ्या रेडिएटरमागे १०० ते १५० वॉट. कोअर आय९-१४९००के जोर लावला की २५३ वॉटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॉट. दोन्ही मिळून ७०० वॉट. म्हणजे पाच ते सात पंख्यांचा रेडिएटर! आपल्या उन्हात वरचा आकडा धरा. फक्त सीपीयू थंड करायचा असेल तर तीन पंख्यांचा, म्हणजे ३६० चा, पुरतो.

आता तो ५४ चा आकडा. लूपच्या अनेक पंपांवर पाण्याची कमाल मर्यादा ६० अंश लिहिलेली असते. व्हिडिओत चमकणाऱ्या त्या काचेसारख्या पीईटीजीच्या नळ्याही ६० च्या आसपास नरम पडायला लागतात आणि फिटिंगमधून निसटू शकतात. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत हा प्रश्न येतच नाही. अकोल्यात मे महिन्यात, दार बंद करून रेंडर लावला, की आपण त्या रेषेपासून पाच-सहा अंशांवर उभे असतो. म्हणून माझा सल्ला: काळी, रबरासारखी ईपीडीएम नळी घ्या. दिसायला साधी, पण उष्णतेला दाद देत नाही.

माझी चूक: पाणी

पहिला लूप बांधला तेव्हा आई म्हणाली, “पीसीले पाणी पाजून रायला का? करंट अन् पाण्याचा काय संबंध बावा?” मी हसलो. घरचं फिल्टरचं पाणी भरलं आणि मोकळा झालो.

तीन महिन्यांनी तापमान पुन्हा ९५. ब्लॉक उघडला तर खाचांमध्ये पांढरा थर आणि हिरवट गाळ. अर्ध्या खाचा बुजलेल्या.

आपला भाग कुठला? पूर्णेच्या खोऱ्यातला. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला खारपाण पट्टा. इथलं बोअरचं पाणी खारट आणि जड, घागरीलाही पांढरे डाग पडतात. धरणाचं पाणी, म्हणजे अकोल्याला काटेपूर्णाचं आणि अमरावतीला अप्पर वर्धाचं, त्यापेक्षा बरं, पण क्षार त्यातही असतातच. आरओनं ते कमी होतात, संपत नाहीत.

माझी दुसरी चूक त्याहून महागात पडली. ब्लॉक तांब्याचा होता आणि स्वस्त मिळाला म्हणून रेडिएटर ॲल्युमिनियमचा घेतला. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षाराचं पाणी, म्हणजे चक्क बॅटरीच झाली की! अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजत जातं. तो रेडिएटर शेवटी भंगारात गेला.

म्हणून नियम: तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा एकत्र चालतात, ॲल्युमिनियम त्यांच्यात नको. पाणी डिस्टिल्ड वापरा. ऑटो पार्ट्सच्या दुकानात बॅटरीचं पाणी मिळतं, पण प्रत्येक बाटली सारखी नसते. टीडीएस मीटर काही शे रुपयांत येतो, आकडा शून्याच्या आसपास असेल तरच भरा. त्यात गंजरोधक आणि शेवाळ रोखणारं औषध टाका, किंवा सरळ लूपसाठीचं तयार कूलंट घ्या.

बांधायचा क्रम

१. नवा रेडिएटर डिस्टिल्ड पाण्यानं चार-पाच वेळा खळखळून धुवा. आत कारखान्यातला कचरा असतो.
२. रिझर्वॉयर पंपाच्या वर ठेवा. पंप कोरडा कधीच चालवू नका, मिनिटाभरातही खराब होऊ शकतो.
३. सीपीयूवर थर्मल पेस्ट लावून ब्लॉक बसवा, स्क्रू आलटून पालटून तिरके आवळा.
४. नळी सरळ कापा, फिटिंग हातानं घट्ट करा. पकड-पाना लावून जोर कराल तर आतली रबरी रिंग फाटेल.
५. आता सगळ्यात महत्त्वाचं. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, सगळ्यांच्या वायर काढा. पॉवर सप्लायला जंपर प्लग लावून फक्त पंप चालवा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि २४ तास बघा.
६. केस हळूहळू कलती करून हवेचे बुडबुडे काढा, पाणी कमी झालं की भरा.

पाचवी पायरी गाळू नका. गळती मोठ्यांनाही चुकली नाही. ॲपलनं २००४ मध्ये द्रवानं थंड होणारा पॉवर मॅक जी५ काढला होता, त्यातले काही पुढं गळले आणि आतला भाग खराब झाला. माझ्या दुसऱ्या लूपमध्ये अकराव्या तासाला एक टिश्यू ओला झाला. वायर काढलेल्या होत्या म्हणून वाचलो.

तुमचे प्रश्न

*अमरावतीहून विचारलंय: लाइट गेली तर?* लाइट गेली की पंप आणि पीसी दोन्ही एकदमच बंद होतात, काही बिघडत नाही. यूपीएस असेल तर पंपही त्याच पॉवर सप्लायवर आहे, तोही चालत राहतो. खरा धोका चालू पीसीत पंप बंद पडण्याचा. म्हणून पंपाची वेग दाखवणारी वायर मदरबोर्डच्या सीपीयू फॅनच्या जागी लावा आणि बायॉसमध्ये इशारा चालू करा.

*डेझर्ट कूलर पीसीसमोर ठेवू का?* खोलीत ठेवा, थेट तोंडावर नको. त्याच्या झोतात पाण्याचे बारीक कण येतात, त्यात क्षार असतात. पण खोली ४२ वरून ३२ वर आली तर लूपचं पाणीही जवळजवळ तेवढंच उतरतं. यापेक्षा स्वस्त अपग्रेड नाही! खिडकी मात्र उघडी ठेवा.

*देखभाल?* रेडिएटरवरची धूळ आणि कापसाचे तंतू उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाडा. पाणी वर्षातून एकदा बदला, मार्च त्यासाठी बरा.

खरं सांगू का?

तुमच्यापैकी बहुतेकांना कस्टम लूप लागत नाही. चांगलं सामान घेतलं तर खर्च तीस-चाळीस हजारांच्या पुढं सहज जातो, आणि आपल्या गावच्या दुकानात ते मिळतही नाही, ऑनलाइन मागवावं लागतं. एक दणकट एअर कूलर, केसमध्ये हवा खेळती आणि रेंडर दुपारऐवजी पहाटे लावायची सवय, यात अर्ध्याहून जास्त प्रश्न मिटतो. मी लूप बांधला, कारण सीझनमध्ये माझं मशीन दिवस-रात्र चालतं आणि एक दिवस उशीर म्हणजे एक पार्टी गेली.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. खोलीत थर्मामीटर ठेवा, दुपारी दोन आणि पहाटे पाच अशा दोन वेळा तोच रेंडर लावा, आणि दोन्ही वेळचं तापमान आणि लागलेली मिनिटं लिहून ठेवा. मिनिटांत फरक नसेल तर पैसे वाचवा आणि थंडगार ताक प्या. फरक असेल तर आकडे मला पाठवा, मिळून हिशोब करू.

भेटू पुढच्या भागात. तोवर डोक्याले दुपट्टा बांधूनच बाहेर निघा!