निकालाच्या दिवसाची रंगीत तालीम

शारदीय नवरात्रात तुळजापूरला भाविकांचा लोट येतो. तो येणार हे आधीच ठाऊक असल्याने घटस्थापनेपूर्वीच रांगांचे मार्ग आखले जातात आणि महाद्वारावर एकदम लोंढा आदळू नये याची तजवीज होते. गर्दीचा दिवस ठरलेला असेल, तर तिची तयारी करता येते, हे धाराशिव जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको.

संगणकाच्या दारातील गर्दीला मात्र हा न्याय लावला जात नाही. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला. राज्यातील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांचा तो निकाल. पण संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. ही आपत्ती अकल्पित होती काय? दिवस ठरलेला होता, वेळ ठरलेली होती, विद्यार्थ्यांची संख्याही ज्ञात होती.

शिवाय या दुखण्यावरचे औषध महाग नाही. विली तारो यांचे 'एचए-प्रॉक्सी' २००१ पासून, तर इगोर सिसोएव्ह यांचे 'एन्जिन-एक्स' २००४ पासून जगाला विनामूल्य उपलब्ध आहे. पहिले आलेल्या मागण्या अनेक संगणकांत वाटून देते; दुसरे एकाच संगणकाकरवी हजारो जोडण्या सांभाळते आणि वारंवार मागितले जाणारे पान तयार ठेवून तत्काळ हाती देते. 'जेमीटर' तर गर्दीची रंगीत तालीमच घडविते. ते कृत्रिम ग्राहक निर्माण करते, त्यांची संख्या हळूहळू वाढविते आणि उत्तरास विलंब कोठे होतो, यंत्रणा कोणत्या क्षणी कोलमडते, हे आधीच दाखवून देते. या साऱ्यांचा मूळ आराखडा खुला असल्याने तो कोणीही वाचावा, तपासावा, सुधारावा.

तेव्हा उणीव द्रव्याची नसून पूर्वतयारीची आहे. तिची शिक्षा भोगतो तो भूम-परंड्याच्या खेड्यातील, क्षीण जोडणीवर पुनःपुन्हा प्रयत्न करणारा विद्यार्थी. किंवा अखेरच्या रात्री शिष्यवृत्तीचे अर्ज भरीत बसलेला शाळेचा लिपिक. सार्वजनिक संकेतस्थळाचा ठेका देताना भारचाचणीची अट घालावी आणि तिचा अहवाल निकालापूर्वी प्रसिद्ध करावा. जिल्ह्यातील तंत्रनिकेतनांनी ही विद्या आपल्याच संगणकांवर विद्यार्थ्यांकडून गिरवून घ्यावी; परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रणेवर असा भार टाकणे म्हणजे चाचणी नव्हे, हल्ला होय.

नाटकाची तालीम न करता पडदा उघडणाऱ्यास प्रेक्षक क्षमा करीत नाहीत. मुलांच्या भवितव्याचा पडदा उघडणाऱ्यांनी त्याहून कमी दक्षता का बाळगावी?