सफर आफ्रिकेची, शिदोरी सबुरीची

‘सफर’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अरबीतला हा शब्द आपल्याकडे आला, तसाच समुद्रापलीकडे पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत गेला आणि तिथे ‘सफारी’ झाला. पुढे इंग्रजांनी तो उचलला आणि सफारी म्हणजे उघड्या जीपमधून सिंह पाहणे, असा समज जगभर पसरला. स्वाहिलीत मात्र सफारी म्हणजे आजही साधा प्रवास. आजारी बहिणीला भेटायला बसने निघालेली बाईसुद्धा सफारीवरच असते.

अशा साध्या माणसांच्या बसमधून, रेल्वेतून आणि बोटीतून आफ्रिका खंड पालथा घालण्याचे स्वप्न पाहणारे तरुण आता आपल्याकडेही दिसतात. हौस मोठी, खिसा लहान आणि हाताशी तीन-चार महिने. असा प्रवास होऊ शकतो, पण त्याची आखणी युरोपच्या सहलीसारखी करून चालत नाही. इथे तारीख-वार लिहून ठेवण्यापेक्षा ऋतू, कागदपत्रे आणि पर्यायी वाट यांचा विचार आधी करावा लागतो. रमजान महिना ज्या सब्रची शिकवण देतो, तीच या प्रवासाची खरी शिदोरी आहे.

तुटलेली वाट

नकाशा उघडला की पहिली ओढ वाटते ती कैरो ते केपटाऊन या वाटेची. कैरोहून रेल्वेने आस्वान, तिथून सुदान, मग इथिओपिया, केनिया आणि पुढे दक्षिणेकडे. अनेक वर्षे प्रवासी याच वाटेने गेले. आज ती मध्येच तुटली आहे. १५ एप्रिल २०२३ रोजी, रमजानचे शेवटचे दहा दिवस चालू असताना, सुदानची राजधानी खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. ईदच्या खरेदीच्या दिवसांत लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हापासून एक कोटीहून अधिक माणसे बेघर झाली आहेत. शेजारच्या इथिओपियातही आधी तिग्राई आणि नंतर अम्हारा प्रांतात रक्त सांडले.

‘कोणीतरी नुकताच जाऊन आला’ अशा ऐकीव गोष्टींवर या वाटेचा बेत आखू नये. युद्धक्षेत्रातल्या अपघाताचा खर्च प्रवास विमा सहसा देत नाही. शिवाय जिथे स्थानिक माणसाला पाणी आणि भाकरी मिळत नाही, तिथे पाहुण्याने हौसेखातर जाणे योग्यही नाही.

वाट बंद झाली म्हणजे सफर संपली असे मात्र नाही. इब्न बतूताचे उदाहरण यासाठी आठवावे. १३२५ साली तो मोरोक्कोतल्या तँजियरहून हजसाठी निघाला, तेव्हा त्याचे वय २१ होते. कैरोहून तो नाईलच्या काठाने वर गेला आणि वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोहोचला. तिथून बोटीने जिद्दा अगदी जवळ. पण तिथला बेजा राजा आणि मामलुक सैन्य यांच्यात लढाई चालू होती आणि बोटी बुडवल्या गेल्या होत्या. इब्न बतूताने बरोबरची शिधासामग्री विकली आणि तो आल्या पावली कैरोला परतला. तिथून सीरियाची वाट धरून १३२६ च्या रमजानमध्ये तो दमास्कसला पोहोचला, तिथल्या काफिल्यात सामील झाला आणि त्याच वर्षी त्याचा हज पूर्ण झाला. दौलताबाद आणि मराठ्यांविषयी लिहून ठेवणारा हा थोर प्रवासी पहिल्याच मोठ्या सफरीत मागे फिरायला कचरला नाही.

नैरोबी ते केपटाऊन

आजच्या प्रवाशासाठी पर्यायी वाट आहे ती पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेची. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. तिथून केपटाऊनपर्यंत जमिनीवरून साधारण ६ हजार किलोमीटर होतात. जाताना नैरोबी आणि परतताना केपटाऊन असे तिकीट काढले की आल्या वाटेने परत यावे लागत नाही.

नैरोबी ते मोंबासा ही नवी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्या शेजारून जुना लोहमार्ग जातो. तो १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला, तेव्हा हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. त्यांपैकी जवळपास अडीच हजार मजूर तिथेच दगावले. मोंबासाहून बसने टांझानियाची सीमा ओलांडून टांगा आणि पुढे दार-ए-सलाम गाठता येते. दारहून बोटीने सुमारे दोन तासांत झांझिबार. दारच्या दक्षिणेला किनाऱ्याने बसने किल्वा मसोको आणि तिथून होडीने किल्वा किसिवानी बेट. १३३१ मध्ये इब्न बतूता याच बेटावर उतरला होता. सोन्याच्या व्यापारावर वैभवाला चढलेल्या या शहराच्या भव्य मशिदीचे अवशेष तिथे आजही उभे आहेत.

दारहून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत ‘ताझारा’ रेल्वे जाते. लांबी १,८६० किलोमीटर. झांबियाला समुद्र नाही आणि त्याचे तांबे गोऱ्या राजवटींच्या ऱ्होडेशियातून आणि दक्षिण आफ्रिकेतून न्यावे लागत होते. ती अडवणूक संपावी म्हणून चीनच्या मदतीने १९७० ते १९७५ दरम्यान हा मार्ग बांधला गेला. ही गाडी कित्येक तास, कधी एक-दोन दिवसही उशिरा धावते, कधी रद्द होते. म्हणून तिच्या भरवशावर पुढचे आरक्षण करू नये. ती नसेल तर तुंडुमाच्या सीमेवरून लुसाकाला बस जाते.

लुसाकाहून लिव्हिंगस्टन आणि व्हिक्टोरिया धबधबा. तिथून झांबेझी नदीवरच्या काझुंगुला पुलाने बोत्स्वाना. २०२१ मध्ये हा पूल सुरू होण्याआधी तराफ्यासाठी ट्रकांच्या रांगा दिवस-दिवस खोळंबत. बोत्स्वानातून किंवा झिंबाब्वेच्या बुलावायोमार्गे जोहान्सबर्ग आणि शेवटी केपटाऊन.

केपटाऊन मराठी वाचकाला वाटते तितके परके नाही. १९व्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून कोकणी मुसलमान तिथे गेले आणि स्थिरावले. जंजिऱ्याच्या ज्या संस्थानाला लोक ‘हबसान’ म्हणत, ते नावच हबशी म्हणजे आफ्रिकी सिद्दींवरून पडले. तिकडून माणसे इकडे आली आणि इकडची तिकडे गेली. केपटाऊनच्या बो-काप वस्तीतली १७९४ ची अव्वल मशीद ही दक्षिण आफ्रिकेतली पहिली मशीद मानली जाते. डचांनी आग्नेय आशियातून आणि हिंदुस्थानातून आणलेले गुलाम आणि हद्दपार कैदी यांच्या वंशजांची ही वस्ती.

ऋतू आणि कागद

पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा छोटा पाऊस. झांबिया-झिंबाब्वेत नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. जूनमध्ये नैरोबीहून निघून सप्टेंबरपर्यंत केपटाऊन गाठले तर बहुतेक वाट कोरडी मिळते. डांबरी हमरस्त्यावर पावसाचा अडथळा कमी, पण आडवाटेची गाडी चिखलात रुतली की दिवस जातो.

व्हिसाचे गणित शेवटून सुरू करावे. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतीयांना निघण्याआधीच काढावा लागतो आणि त्याची मुदत तिथे पोहोचेपर्यंत टिकली पाहिजे. केनियाची परवानगी ऑनलाइन मिळते. टांझानियाचा एकेरी व्हिसा ५० डॉलरला. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिन्ही देशांत फिरायचे असेल, तर १०० डॉलरचा ९० दिवसांचा एकत्रित व्हिसा आहे. त्यात टांझानिया येत नाही. झांझिबारसाठी २०२४ पासून ४४ डॉलरचा वेगळा विमा सक्तीचा झाला आहे.

पिवळ्या तापाची लस हा सर्वांत महत्त्वाचा कागद. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते, म्हणून ते काम आदल्या आठवड्यावर ठेवू नये. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. केनियातून टांझानियात किंवा दक्षिण आफ्रिकेत शिरताना ते मागितले जाते. ते नसताना साथीच्या देशातून भारतात परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात आणि बाहेर पडल्यावरही काही काळ घ्याव्या लागतात. मच्छरदाणी सोबत हवीच.

गाडी भरली की सुटते

केनियातली मटाटू आणि टांझानियातली डालाडाला म्हणजे आपल्या पश्चिम महाराष्ट्रातली वडाप. घड्याळ पाहून नव्हे, तर गाडी भरली की सुटते. लांब पल्ल्याच्या बसची मात्र तिकिटे मिळतात आणि त्या पहाटेच निघतात. तिकीट खिडकीवरच काढावे, स्टँडवर हात धरून ओढणाऱ्या दलालाकडून नव्हे. रात्रीचा प्रवास टाळावा, कारण अंधारातले अपघात फार. दिवसाला एकच टप्पा आणि चार-पाच दिवसांमागे एक दिवस पूर्ण मोकळा, हा हिशोब ठेवला तर गाडी चुकल्याने बेत कोसळत नाही.

वेळ विचारताना एक खबरदारी हवी. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. ‘सा म्बिली’, म्हणजे दुसरा तास, असे सांगितले तर बस सकाळी आठला आहे. म्हणून ‘कोणत्या घड्याळाने?’ हे विचारून घ्यावे. बाकी भाषा फारशी अडत नाही. वकाती म्हणजे वक्त, हबारी म्हणजे खबर, हेसाबू म्हणजे हिशोब, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी. चपाती, भजी आणि चाय तर तशाच भेटतात.

पैशाचा मोठा भाग बसभाड्यावर जात नाही. तो व्हिसा आणि अभयारण्यांच्या शुल्कावर जातो. सेरेंगेटीत एका दिवसाचे नुसते प्रवेशशुल्कच ६०-७० डॉलरच्या घरात आहे, त्यात गाडीचे भाडे धरलेले नाही. तेव्हा एकच अभयारण्य निवडावे आणि बाकीचे सोडून द्यावे. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या असाव्यात. २००९ आधीच्या नोटा अनेक ठिकाणी घेत नाहीत. सीमेवर नोटा बदलणाऱ्यांच्या कॅल्क्युलेटरवर विसंबू नये, आकडेमोड स्वतः करावी. केनियात २००७ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत इतकी रुळली आहे की भाजीवालीही तसेच पैसे घेते.

वाटेत रमजान आला तर

चांद्र पंचांगामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. लांबच्या सफरीत तो कुठे गाठेल, हे आधीच पाहून ठेवावे. कुरआनने मुसाफिराला रोजा नंतरच्या दिवसांत पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. मुक्काम किती दिवसांचा झाला म्हणजे माणूस मुसाफिर राहत नाही, याबाबत मतभेद आहेत. हनफी मताप्रमाणे पंधरा दिवस, शाफई मताप्रमाणे येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस. कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई आहेत, तसेच स्वाहिली किनाऱ्याचे आणि केपटाऊनचेही. तिथल्या मशिदीत उभा राहिलेला कोकणी माणूस नमाजाच्या रीतीने तरी परका राहत नाही.

विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळपास सारखाच असल्याने रोजा तेरा-साडेतेरा तासांचा होतो. झांझिबारच्या जुन्या शहरात दिवसा बहुतेक खानावळी बंद असतात. रोजा नसलेल्या प्रवाशानेही तिथे उघड्यावर खाणे-पिणे टाळावे. सूर्य मावळला की ‘फुतारी’, म्हणजे इफ्तार. खजूर, पातळ लापशी, नारळाच्या दुधात शिजवलेला कसावा, सांबुसा. सहरीला तिथे ‘डाकू’ म्हणतात आणि ढोल वाजवत लोकांना उठवणारे अजूनही गल्ल्यांतून फिरतात. केपटाऊनमध्ये इफ्तारला ‘बुका’ म्हणतात, आणि महिन्याचा चंद्र पाहायला लोक समुद्रकाठी जमतात.

शक्य असेल तर रमजानचा महिना एकाच गावात काढावा आणि लांबचे टप्पे ईदनंतर ठेवावेत. ईदच्या आधीच्या दोन दिवसांत आपल्या एसटीसारखीच तिथल्या बसलाही गर्दी उसळते. प्रवास टाळता येत नसेल तर पिशवीत पाण्याची बाटली आणि मूठभर खजूर ठेवावेत, कारण मगरिबच्या वेळी बस कुठे असेल हे चालकालाही सांगता येत नाही.

पूर्वी पश्चिम आफ्रिकेतले गरीब हाजी मक्केला पोहोचायला वर्षानुवर्षे घेत. वाटेत शेतात मजुरी करत, पैसे जमले की पुढे सरकत. कित्येक सुदानमध्येच कायमचे वसले. आजच्या प्रवाशाकडे वर्षे नाहीत, महिने आहेत. म्हणून आखणी करताना एक देश कमी करावा आणि पंधरा दिवस जास्त ठेवावेत. वाट बंद झाली तर मागे फिरण्याइतके पैसे आणि दिवस ज्याच्याजवळ शिल्लक आहेत, त्याचीच सफर पुरी होते.