शनिवार-रविवारचे गाव, रुळांच्या कडेने

शनिवार-रविवारची सुट्टी आली की ठाण्याच्या कोपरीतल्या घरांत पहिला विचार होतो तो चारचाकी काढण्याचा. पुलावरून पूर्व द्रुतगती मार्गाला लागायचे आणि ऐरोलीमार्गे लोणावळ्याकडे किंवा माजिवड्यावरून नाशिककडे सुटायचे, असा बेत असतो. जोडून सुट्टी आली तर बेत घाटातच अडकतो. खंडाळ्याच्या चढावर तीन-तीन तास गाड्या उभ्या राहतात, पोरे कंटाळतात आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत शनिवार सरलेला असतो. याच कोपरीपासून पायी जाण्याच्या अंतरावर ठाणे स्टेशन आहे. तिथून महाराष्ट्रातल्या कितीतरी लहान शहरांना थेट गाडी जाते. रोजच्या लोकलच्या गर्दीमुळे या स्टेशनाकडे सहलीची सुरुवात म्हणून पाहायचे मात्र राहून गेले आहे.

इतिहास पाहिला तर ठाणे हे देशातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेचे पोहोचायचे ठिकाण. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, खाडी ओलांडून रूळ कल्याणपर्यंत गेले. तिथे मार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसारा आणि थळ घाट चढून इगतपुरी-नाशिककडे जातो, दुसरा कर्जत आणि बोरघाट चढून पुण्याकडे आणि तिथून पुढे सातारा-मिरज-कोल्हापूरकडे. कल्याणच्या अलीकडच्या दिवा स्टेशनातून तिसरा फाटा पनवेल-रोह्यावरून कोकणात उतरतो. देश, खानदेश आणि कोकण या तिन्ही दिशांच्या वाटा ठाणेकरांच्या दारात अशा एकत्र येतात. त्यामुळे इथल्या माणसाने पर्यटनस्थळांची यादी बाजूला ठेवून रेल्वेचा नकाशा समोर घ्यावा आणि रुळांवरचे गाव निवडावे.

गाव निवडताना तीन गोष्टी पाहायच्या. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी पहाटे सुटणारी गाडी हवी. उतरल्यावर शहरात शिरणे सोपे हवे. आणि त्या शहराला स्वतःचे रोजचे जगणे हवे: बाजार, कारागीर, नाट्यगृह, नदीचा घाट, सकाळी सात वाजता उघडणारे हॉटेल. पाहुण्यांसाठी सजवलेली ठिकाणे एका दुपारी पाहून होतात. माणसे कामाधंद्याला लागलेली असतात अशा शहरात दोन दिवसही अपुरे पडतात.

या तिन्ही कसोट्यांना उतरणारे शहर म्हणजे मिरज. मुंबईहून रात्री निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस साडेनऊच्या सुमारास कल्याणला येते. जेवून बर्थवर आडवे व्हावे आणि उजाडता मिरजेला उतरावे. स्टेशन गावाला लागून आहे, चहा घेऊन चालत निघाले तरी पेठांत पोहोचता येते. रेल्वेच्या इतिहासातही मिरजेला मान आहे. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ एकेकाळी या जंक्शनात येत होते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन गेलेली 'जलदूत' गाडी इथूनच भरून निघाली होती.

मिरजेचे नाव घराघरांत पोहोचले ते तंतुवाद्यांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारांना धार लावण्याचे पिढीजात काम सोडून सतारी-तंबोरे बनवायला घेतले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि हळूहळू अख्खी गल्ली या कामाला लागली. तीच आजची सतारमेकर गल्ली. मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोघांनाही २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

दुकानात शिरले की आधी नजर जाते छताला टांगलेल्या भोपळ्यांकडे. हे भाजीचे भोपळे नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढा भागातून ते खास येतात, जाड सालीचे आणि महिनोन्महिने वाळवलेले. भोपळा कापून आतून साफ करतात, त्याला तुणाच्या लाकडाची दांडी जोडतात आणि तोंडावर लाकडाची तबली बसवतात. मग कोरीवकाम, पॉलिश, खुंट्या, तारा. एवढे झाले तरी तंबोरा अजून मुकाच असतो. त्याला बोलते करायचे काम शेवटी होते, त्याला म्हणतात जवारी काढणे. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग कारागीर कानशीने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. घासणे केसभर जास्त झाले तर आवाज बसतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवत नेतात. दोरा नेमक्या जागी आला की एरवी कोरडी वाटणारी तार एकदम गुंजायला लागते. हा क्षण ऐकायला संगीत कळावे लागत नाही. कारागिराच्या हातातले काम न अडवता बाजूला शांत बसून राहिले तर तो बहुधा स्वतःच समजावून सांगतो.

वाद्ये बनत होती तिथे गाणारेही आले. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथे येऊन स्थायिक झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात दक्षिणेत प्रवास करताना प्रकृती बिघडल्याने ते मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात दफन केले आहे. उरुसात तिथे होणाऱ्या संगीतसभेत हजेरी लावायला गवई दुरून येतात.

रविवार सांगलीसाठी ठेवावा. मिरजेहून ती दहाएक किलोमीटरवर आहे आणि शहर बससेवा सतत चालू असते. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर'चा प्रयोग केला तो सांगलीत, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन झाला. कृष्णाकाठचे गणपती मंदिर, १९२९ सालचा आयर्विन पूल, हळदीची पेठ, बेदाणे आणि परतीच्या गाडीसाठी बांधून घ्यायचे भडंग, यात दिवस कुठे जातो कळत नाही. रविवारी रात्री महालक्ष्मी परत मिरजेला येते आणि सोमवारी सकाळी कल्याणला सोडते. आंघोळ करून कामावर हजर होता येते, रजा टाकावी लागत नाही.

कोकणची वाट वेगळी. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि रात्रभर एसटीत अंग आंबवणारा रत्नागिरीचा प्रवास सहा-सात तासांवर आला. शुक्रवारी मध्यरात्रीच्या सुमारास कोकणकन्या ठाण्याला थांबते आणि पहाटे रत्नागिरीत उतरवते. दिवसा जायचे तर मांडवी, जनशताब्दी आणि २०२३ च्या जूनपासून मडगावची वंदे भारत याही ठाण्याला थांबतात. खिडकीशी जागा मिळाली तर दिवसाचा प्रवासच घ्यावा. वाशिष्ठीचे खोरे, लागोपाठ येणारे बोगदे आणि रत्नागिरीच्या अलीकडचा साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा मुलांना विसरता येत नाही.

रत्नागिरीचे नाव निघाले की आंबा आणि समुद्र आठवतो. पण या शहरात ब्रह्मदेशच्या राजाची कथाही आहे. १८८५ च्या युद्धात राज्य गमावलेल्या थिबाला इंग्रजांनी इथे आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा याच शहरात वारला. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि १९३१ साली सर्व जातींसाठी उघडलेले पतितपावन मंदिरही शहरातच आहे. आणखी अर्धा दिवस हाती असेल तर गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडला जावे. तिथे केशवसुतांचे जन्मघर आणि स्मारक आहे. दादर-सावंतवाडी गाडीचे 'तुतारी' हे नाव याच कवीच्या कवितेवरून २०१७ साली ठेवले गेले. रत्नागिरी स्टेशन शहरापासून काही किलोमीटर बाहेर आहे, तेव्हा पहाटे रिक्षाचे भाडे आधीच ठरवून घ्यावे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश जातात. परतीची वेळ तेव्हा पुन्हा एकदा पाहून घ्यावी.

एकाच दिवसाची सवड असेल तर थळ घाट पुरेसा आहे. कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. तिथे मेल-एक्स्प्रेसला मागून जादा इंजिने लागतात आणि ३७ फुटांना एक फूट अशा चढावरून गाडी इगतपुरीला पोहोचते. हा घाटमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. पावसाळ्यात या पट्ट्यातले धबधबे पाहायचे तर डब्याची खिडकी हीच सर्वांत सुरक्षित जागा.

माथेरानचे ठाण्याशी जुने नाते आहे. १८५० साली या डोंगराकडे इंग्रजांचे लक्ष वेधले ते ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी. नेरळपासून वर जाणारी दोन फूट रुंदीची छोटी गाडी आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभी केली आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्याने बंद पडलेली नेरळची फेरी २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा चालू झाली. पावसाळ्याचे महिने ती बंद असते, तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल धावते. वर मोटारींना बंदी आहे. त्यामुळे कर्जत लोकलने नेरळ गाठणाऱ्याचे काहीच अडत नाही. मोटार घेऊन आलेल्याला मात्र ती दस्तुरी नाक्याला ठेवून पुढे शटलने किंवा पायी जावे लागते.

पुण्याच्या मार्गावर सुट्टीच्या प्रवासाची परंपरा जुनीच आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आरंभी आठवड्याच्या अखेरीपुरतीच धावत असे. ती ठाणे-कल्याणला थांबत नाही, पण इंद्रायणी आणि डेक्कन एक्स्प्रेस थांबतात. पुण्याच्याही पुढे जायचे तर सकाळच्या कोयना एक्स्प्रेसने कल्याणहून निघून दुपारी साताऱ्याला उतरावे आणि एसटीने वाई गाठावी. कृष्णेचे घाट, १७६२ सालचा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी जिथून मराठी विश्वकोशाचे काम चालवले ती संस्था, हे सारे पायी किंवा रिक्षाने आटोपते.

लहान शहरांना रेल्वेने जोडून घेण्यात नेदरलँड्सचा हात कुणी धरणार नाही. तिथली पहिली गाडी २० सप्टेंबर १८३९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून हार्लेमला गेली, ठाण्याच्या गाडीआधी १४ वर्षे. हार्लेम, लायडन, डेल्फ्ट, डेव्हेंटर या जुन्या शहरांत स्टेशनाबाहेर पडून चालायला लागले की थोड्याच वेळात मुख्य चौक येतो. चालायचे नसेल त्यांच्यासाठी २००३ पासून स्टेशनांवर भाड्याच्या निळ्या-पिवळ्या सायकली असतात. गाडीचे तिकीट असलेले कार्डच सायकलीलाही चालते. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहापासून सोमवारी पहाटे चारपर्यंत हवे तितके फिरता येईल असा मासिक पासही डच रेल्वे देते. अ‍ॅमस्टरडॅमशेजारच्या अ‍ॅम्स्टेलव्हेनसारख्या गावांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या पासाचा फायदा आहे. पाहुणे आले की गाडी भाड्याने न घेता त्यांना शनिवारी डेल्फ्ट आणि रविवारी डेव्हेंटर दाखवता येते.

आपल्याकडे गाड्या आहेत, पण फलाट सोडल्यावर पुढे काय हा प्रश्न राहतो. नाशिक रोड स्टेशन जुन्या नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे, सातारा स्टेशन माहुलीला, रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर. पहाटे पाच वाजता सामान, म्हातारी माणसे आणि झोपेतली मुले घेऊन उतरलेल्या कुटुंबाला तिथे पहिली बस किती वाजता आहे हे कळतसुद्धा नाही. त्यासाठी नवे रूळ टाकावे लागत नाहीत. शनिवारी पहाटे येणाऱ्या आणि रविवारी रात्री जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा धरून एसटीने किंवा महापालिकेच्या परिवहन सेवेने दोन-चार फेऱ्या सोडल्या आणि त्यांचे वेळापत्रक फलाटावरच लावले, तरी अनेक कुटुंबे चारचाकी घरी ठेवतील. प्रवासी संघटनांनी लोकलच्या फेऱ्यांइतकीच ही मागणी लावून धरायला हवी.

तोवर तयारी आपली आपण करायची. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. शुक्रवार रात्रीचे बर्थ लवकर भरतात, तेव्हा जाण्याचे आणि परतीचे तिकीट एकाच बैठकीत काढावे. तत्काळ हा शेवटचा उपाय. तो आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० ला आणि इतर वर्गांसाठी ११ ला उघडतो. मोठ्या जंक्शनांवर क्लोकरूम असते. बॅगेला कुलूप असेल तर ती तिथे ठेवून दिवसभर मोकळ्या हाताने फिरता येते.

लहान मुले असतील तर पहिली फेरी माथेरानची करावी आणि एकाच दिवसात परतावे. आईवडील बरोबर असतील तर मिरज बरी, कारण तिथे जिने चढण्याची दगदग कमी आणि गाव स्टेशनाच्या शेजारीच. तरुण मंडळींनी दिवसाच्या गाडीने रत्नागिरी करावी. बर्थ मिळाला की मुक्कामासाठी फोन करावा, आणि मिरजेला जाणाऱ्यांनी सतारमेकर गल्लीतली दुकाने कोणत्या वाराला बंद असतात तेवढे त्याच फोनवर विचारून घ्यावे.