आंघोळ कोणी घालायची?

२०२४ मध्ये सतरावी लोकसभा संपली आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या दुरुस्तीचं २०१९ चं विधेयकही तिच्याबरोबर गेलं. कोणाला सोयरसुतक नव्हतं. मला होतं. म्हाताऱ्यांच्या सेवेला घरी माणूस पाठवणाऱ्या संस्थांची नोंदणी करा, असं म्हणणारा तो कागद साडेचार वर्षं धूळ खात पडला.

त्याआधीचा इतिहास झटपट संपतो. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, मग १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता. दोन्हीकडे सवाल एकच : म्हाताऱ्या आईबापांना पैसे कोण देणार? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने त्यात दरमहा १०,००० रुपयांपर्यंतच्या निर्वाहाची सोय केली आणि आईबापांना टाकणाऱ्याला ३ महिन्यांपर्यंत कैद ठेवली. निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी. डायपर कोणी बदलायचा, याबद्दल चकार शब्द नाही.

हा कायदा आला, नेमकी तीच वर्षं आमच्या घरी पक्षाघाताची होती. आईची वाचा गेली होती. घरी माणूस पाठवणाऱ्या ब्यूरोच्या मावशी टॉवेलखाली एकेक बाजू पुसायच्या, आधी सांगून : "आजी, आता पाठ हं." कोणी शिकवलं म्हणून नव्हे, बाईच तशी. त्या रजेवर गेल्या आणि ब्यूरोने एक तरुण पोरगा पाठवला. आईने धडधाकट हाताने चादर गच्च धरली, सोडेचना. फोन केला तर उत्तर मिळालं, "पेशंटला काय कळतंय?" तक्रार कुठे करायची? पोलिसांत? गुन्हा तरी कोणता? वर नातेवाइकांचा शेरा होताच, परक्यांच्या हाती दिलंस म्हणून. त्यातलं एकही रात्रपाळीला आलं नाही.

२०११ मध्ये अरुणा शानबाग यांच्या इच्छामरणाच्या मागणीवर निकाल आला. ३७ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला एक बेडसोअर नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांची ती कमाई. पण देश भांडला इच्छामरणावर. रोजच्या स्पंजवर कोण भांडणार?

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात काळजी घेणाऱ्याची व्याख्या आली, भत्त्याचा उल्लेखही आला. शरीराला हात लावण्याआधी विचारायचं की नाही, ते तसंच राहिलं.

ब्यूरो आता मोबाइलवर आलेत. परवा मदतनीस मिळावा म्हणून एक फॉर्म भरला. मांसाहार चालेल का, विचारलं होतं. पुरुष मदतनीस चालेल का, हा रकानाच नव्हता.